नकाराआधीचा श्वास

मिरजेत दुखणं घेऊन आलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास मिळतात, डॉक्टर आणि फुकटचा सल्ला. तिसरी गोष्ट, म्हणजे विमा कंपनीचा होकार, मिळेलच असं नाही. तो मिळाला नाही की माणसं ज्या खिडकीवर येऊन आदळत, तिच्यामागे सन्मती मगदूम गेली चौदा वर्षं बसत होती. खिडकीवर पाटी होती, 'स्वस्तिदा आरोग्य विमा, मदत कक्ष'. मदत कितपत होई ते कंपनीच जाणे, पण माणसं भांडायला म्हणून येत आणि 'येतो ताई' म्हणून जात. एकदा जतच्या एका गृहस्थांचा अख्खा दावा नामंजूर झाला होता. तिसऱ्या दिवशी ते तिच्यासाठी पिशवीभर डाळिंबं घेऊन हजर. आपण असं काय केलं, हे सन्मतीला तेव्हाही कळलं नव्हतं.

कंपनीला मात्र कळलं होतं.

त्याचं असं झालं. पूर्वी ग्राहक समाधानी आहे की नाही हे कागदावर पाच चांदण्या रंगवायला देऊन विचारत. लोक घाईत पाचही रंगवत, नाहीतर रागाच्या भरात एकच. त्यातून कुणालाच काही उमगत नसे. मग टिकली आली. डाळीएवढी, कातडीच्या रंगाची चकती, विमा असलेल्या प्रत्येकानं कानामागे चिकटवायची. काळजाचे ठोके कधीच अगदी सारख्या अंतरानं पडत नाहीत. माणूस निवांत असला की ते अंतर मोकळेपणानं कमीजास्त होतं. धास्तावला की ठोके रांगेत उभे राहिल्यासारखे एका मापात पडू लागतात. टिकली ते अंतर मोजी, कातडीवरचा घाम मोजी, आणि बोलताना आवाजात येणारा, कानाला न कळणारा कंपही मोजी. तिन्हींचा मेळ घालून शंभरातला एक आकडा निघे. त्याला समाधानांक म्हणत. तोंड खोटं बोलेल, ठोके कसे बोलतील? नियामकालाही हे पटलं, आणि दोन हजार अडतीस सालापासून विमा कंपन्यांची प्रतवारी समाधानांकावर ठरू लागली. फोनवर असो की खिडकीत, कंपनीशी झालेलं प्रत्येक बोलणं टिकली मोजायची.

अकरा लाख संभाषणं मोजून झाल्यावर जे हाती आलं, त्यानं कंपनीचे साहेबलोकही चक्रावले. दावा मंजूर झाला की नाही याचा समाधानाशी संबंध होता, पण आपल्याला वाटतो त्याच्या पावपटही नव्हता. उत्तर वेळेवर आलं का, कारण नीट सांगितलं का, बोलताना मध्येच तोडलं का, आणि सांगणारं माणूस आपल्यातलं वाटलं का, यावर आकडा हलत होता. ताटकळत ठेवून दिलेल्या होकारापेक्षा वेळेवर, मायेनं दिलेला नकार माणसाला जास्त समाधान देत होता! हे कळल्यावर कुठलाही व्यवहारी माणूस जे करील तेच कंपनीनं केलं. होकार वाढवायच्या भानगडीत न पडता तिनं आवाज शोधला.

तो मिरजेच्या खिडकीत सापडला. सन्मतीला पुण्याला नेऊन बावीस तास बोलायला लावलं आणि त्यावरून यंत्र तिच्या आवाजात बोलायला शिकलं. त्याला 'ताई' असं नाव पडलं. आता सांगलीपासून बेळगावपर्यंत कुणाचाही दावा मंजूर किंवा नामंजूर झाला, की ताईचा फोन जाई. सन्मतीला याचा अभिमानच होता. गल्लीत तिनं पेढे वाटले होते.

नियमात आणखी एक कलम होतं. ज्याचा समाधानांक चाळीसच्या खाली जाईल, त्याचीच फाइल पुनर्विचारासाठी डॉक्टरांच्या मंडळाकडे, म्हणजे हाडामांसाच्या डॉक्टरांकडे जाई. बाकीच्या फायली दहा दिवसांनी आपोआप बंद. ज्याची तक्रारच नाही त्याची दाद कसली, असा त्यामागचा विचार होता. सन्मतीला तो कधी चुकीचा वाटला नव्हता.

सन्मतीच्या घरात दोनच माणसं, ती आणि आप्पा. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि सन्मतीच्या लग्नाचा विषय बापलेकीनं संगनमतानं सोडून दिला होता. आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, यांनी पंचेचाळीस वर्षं सतारमेकर गल्लीत जवारी काढण्याचं काम केलं. तंबोऱ्याची तार ज्या हाडाच्या घोडीवरून जाते, ती घोडी कानशीनं केसाएवढी घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा घासायची. असं करता करता तार एकदम गुंजायला लागते. त्याला जवारी उघडली म्हणतात. आप्पा एकाहत्तर वर्षांचे झाले तरी गाणारे लोक त्यांच्याकडे घरी तंबोरे आणून टाकत.

उन्हाळ्यात त्यांना दोनदा भोवळ आली. डॉ. हेमलता कुडचीकरांनी तपासलं आणि सांगितलं, काळजातून बाहेर रक्त सोडणारी मोठी झडप आकसली आहे, दोन महिन्यांत बदलायला हवी. छाती उघडायची गरज नाही, मांडीतल्या शिरेतून नळी घालून होईल. मंजुरीसाठी कागद कंपनीकडे गेले. स्वतःच्या घरच्यांची फाइल सन्मतीला पाहता येत नसे, तसा नियमच होता. म्हणून ती उत्तराची वाट पाहत राहिली.

एका बुधवारी दिवस मावळायच्या आत दोघं जेवायला बसली असताना तिनं विचारलं, "आप्पा, कंपनीकडनं काही कळलं का हो?"

आप्पांनी घास खाली ठेवला. "मला काय विचारतीस? तूच सांगितलंस की."

"मी?"

"गेल्या गुरुवारी. फोनवर चांगली चाळीस मिनिटं बोललीस. ऑपरेशनची आत्ता गरज न्हाई म्हणालीस. सहा म्हयन्यानं परत बघायचं, तवर गोळ्या. मला तर लई हलकं वाटलं बघ. त्या दिवसापासनं झोपबी चांगली लागतीय."

सन्मती गुरुवारचा दिवस आठवू लागली. क्षणभर तिला खरंच वाटलं, की आपण बोललो असू आणि विसरलो असू.

"आणि मला 'काका' म्हणालीस," आप्पा हसत म्हणाले. "मी म्हटलं, साहेबलोक ऐकत असतील, हापिसात बापाला आप्पा कसं म्हणंल पोरगी? मग मीबी वळख दाखवली न्हाई. 'बरं ताई, बरं ताई' करत ऱ्हायलो."

"आप्पा, ती पहिल्यांदाच सांगते ना, मी कंपनीची स्वयंचलित सहायक बोलतेय म्हणून?"

"सांगितलंस की. मला वाटलं, पेढे वाटलेस ते बढतीचेच. नव्या हुद्द्याचं नाव असंल." मग ते जरा दबक्या आवाजात म्हणाले, "एकच चुकलीस. दिवस मावळून गेल्यावर मला 'जेवलात का' म्हणून इचारलंस. जैनाच्या पोरीनं असं इचारायचं व्हय? पण म्हटलं, पाठ केलेलं असंल, सगळ्यांस्नी इचारावं लागत असंल. बाकी काय बोललीस गं! मी मनात म्हटलं, भूपाल, पोरीला शिकवल्याचं सार्थक झालं."

हा माणूस सहा दिवस लेकीच्या कौतुकात बुडून गेला होता. टिकलीनं ते कौतुक मोजलं होतं आणि कंपनीच्या खात्यावर जमा केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुण्याला फोन लावला. रेणावीकर साहेब वाईट माणूस नव्हते. फाइल पाहून ते म्हणाले, "सन्मती, चौऱ्याण्णव! अगं, हा विभागातला उच्चांक आहे."

"सर, ते माझे वडील आहेत. त्यांना वाटलं मीच बोलतेय."

"मग तर तुझ्या आवाजाचं यशच म्हणायचं." त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "समाधानी ग्राहकाची फाइल मला उघडता येत नाही गं. दहा दिवसांत तीनदा ताईशी पुन्हा बोलता येतं. शेवटचा आकडा धरतात. पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे, आणि आकडा चाळीसच्या खाली आला पाहिजे."

ती डॉ. कुडचीकरांकडे गेली. सहा महिने हा शब्द ऐकून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एरवी रुपयाएवढी उघडणारी झडप पेन्सिलीच्या टोकाएवढी उघडतेय. पुढच्या भोवळीतनं ते उठतीलच असं मी लिहून देणार नाही. एखाद्या डॉक्टरनं नुसता तपासणीचा अहवाल डोळ्याखालून घातला ना, तर पाच मिनिटांत मंजुरी देईल. पण डॉक्टरनं बघायला तर पाहिजे!"

स्वतःच्या पैशानं करायचं तर राहतं घर विकावं लागलं असतं, आणि सरकारी रुग्णालयातली यादी अकरा महिन्यांची होती. तेव्हा मार्ग एकच उरला. चार दिवसांत आप्पांना असमाधानी करायचं.

आता हे काम सोपं असायला हवं होतं. असमाधानी होण्यात आपला हात कोण धरणार? पण आप्पा पडले संतोषी जीव. सन्मतीनं त्यांना समोर बसवलं, सगळं समजावून सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी तिनं फोन मध्ये ठेवला, ताईला लावला आणि आपलं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"नमस्कार काका, कसे आहात? गोळ्या वेळेवर घेताय ना?" फोनमधून सन्मती म्हणाली.

आप्पांनी फोनकडे पाहिलं, मग लेकीच्या ओठांकडे, मग पुन्हा फोनकडे. ताईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, न कंटाळता, न चिडता. आप्पा माना डोलावत राहिले. फाइल पाहता येत नसली तरी आपण लावलेल्या फोनचा आकडा सन्मतीला दिसे. फोन बंद झाल्यावर तिच्या पडद्यावर तो आला, अठ्ठ्याऐंशी.

"आप्पा, राग नाही आला तुम्हाला? मशीन आहे ते!"

"असू दे की. पण राग कुणाचा धरू? आवाज तर तुझाच. तुझी आई गेल्यापासनं ह्या घरात तेवढा एकच आवाज हाय."

सन्मतीला भडभडून आलं, आणि त्याच वेळी चक्क मत्सर वाटला. कुणाचा, ते तिलाच सांगता येईना. आप्पांच्या गोळ्या वेळेवर आहेत की नाहीत, हे तिनं स्वतः शेवटचं कधी विचारलं होतं?

शुक्रवारी तिनं त्यांची तालीम घेतली. ओरडा म्हणाली, शिव्या द्या म्हणाली. आप्पांनी ताईला फोनवर मोठ्यानं सुनावलं, "तुमच्या कंपनीला आग लागो!" आणि लगेच घाबरून, "तुला न्हवं हं पोरी, तू आपली वाईट वाटून घेऊ नगंस," असं म्हणून माफी मागून टाकली. वर घरी ये म्हणून आमंत्रणही दिलं. आकडा एक्याण्णव. टिकलीला नाटक कळत होतं, आणि आप्पांना त्या नाटकात मजा आली होती.

त्या संध्याकाळी सन्मती ओट्याशी भांडी घासत बराच वेळ उभी राहिली. आपण हे काय चालवलंय? शांत झोपणाऱ्या माणसाची झोप उडवायला आपण कंबर कसली आहे. आणि कंपनीचंच बरोबर असेल तर? खरंच सहा महिने निघत असतील तर? आपण बापाच्या जिवासाठी झगडतोय, की आपल्याच आवाजाशी भांडतोय? घासलेलं पातेलं तिनं पुन्हा घासायला घेतलं.

शनिवारी धारवाडच्या एका गाणाऱ्या बाईंचा तंबोरा आप्पांनी मांडीवर घेतला होता. घासता घासता कानस त्यांच्या हातातून गळली. डोकं पुढे झुकलं. सन्मती धावली, तिनं त्यांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, तोंडावर पाणी मारलं. दीड मिनिटानं आप्पांनी डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला तो, "घोडीला धक्का लागला न्हाई न्हवं?"

सन्मतीच्या डोक्यातला गोंधळ त्या दीड मिनिटापुरता तरी संपला होता. ऑपरेशन हवंच होतं.

थोड्या वेळानं आप्पा हट्टानं उठून बसले आणि त्यांनी तार छेडली. डोळे अर्धवट मिटलेले, मान किंचित तिरकी. त्यांना ऐकताना पाहत सन्मती म्हणाली, "आप्पा, त्या बाई एवढ्या मोठ्या गाणाऱ्या. समोर बसून गायला लागल्या तर तुम्ही गाणं ऐकता की तार?"

"तार. गाणं ऐकलं की दोष ऐकू येत न्हाई. दोष ऐकायचा तर कोण गातंय ते इसरायला लागतं."

सन्मती त्यांच्यापुढे येऊन बसली. "मग उद्या एवढंच करा माझ्यासाठी. तो आवाज माझा आहे हे विसरा. दुरुस्तीला आलाय समजा."

रविवार, दहावा दिवस. आप्पांनी आंघोळ केली, दर्शन घेऊन आले, आणि कामाला बसताना घालतात ती जाड सतरंजी घातली. तंबोरा बाजूला ठेवला. फोन घोडीच्या जागी असल्यासारखा अगदी समोर. ताई बोलू लागली. आप्पांनी तिला पहिल्यांदाच अडवलं.

"बाई, ते मंजुरीचं वाक्य परत म्हणा."

"काका, आत्ता या ऑपरेशनला मंजुरी देता येणार नाही."

"परत."

ताईनं परत म्हटलं. आप्पांच्या कपाळाला आठी पडली. सन्मतीच्या पडद्यावर आकडा बोलण्याबरोबर हलत होता, पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर.

"आता 'जेवलात का' म्हणा. आणि लगोलग 'नाही' म्हणा."

ताईनं तेही म्हटलं. बावन्न.

"खोटं हाय," आप्पा म्हणाले.

"काय खोटं आहे, काका?"

"तुझं 'नाही' खोटं हाय. माझी पोरगी 'नाही' म्हणायच्या आधी थांबती. एवढीशी हुती तवापासनं. शेजारची पोरं लाडू मागाय आली आणि डबा रिकामा असला, तरी 'नाही' म्हणायला तिला श्वास घ्यायला लागायचा. तुला काय बी जड जात न्हाई. 'जेवलात का' आणि 'मिळणार नाही', दोन्ही एकाच वजनात. माझ्या पोरीच्या गळ्यातनं असलं बेगडी काम कुणी काढलंय?"

आप्पांचा आवाज चढला. हे नाटक नव्हतं. कुणा नवशिक्यानं वाट्टेल तशी घासलेली घोडी दुरुस्तीला आली की ते असेच तापत, आणि मग गल्लीतलं कुणी त्यांच्या वाऱ्याला उभं राहत नसे. एकतीस. सव्वीस. सन्मतीला पुण्यातला तो रेकॉर्डिंगवाला आठवला. 'ताई, तुमचे थांबे सगळे कापून टाकलेत,' तो म्हणाला होता, 'ऐकणाऱ्याचा वेळ जातो.' तिनंही तेव्हा 'बरं' म्हटलं होतं.

आकडा बावीसवर स्थिरावला, आणि सन्मतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आप्पा अजून बोलतच होते. जवारी काढणारा माणूस दोष सांगून थांबत नाही. दोष दिसला की दुरुस्ती सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. "आता ऐक, बाई. 'नाही'च्या आधी एक श्वास. सोडायचा न्हाई, घ्यायचा. लांब नगं. आणि पुरता भरायच्या आत शब्द आला पायजे. एवढा." त्यांनी तंबोऱ्याची तार छेडली आणि गुंजन अर्ध्यावर असताना बोटानं दाबून धरली. "एवढाच. मग उघडंल."

"धन्यवाद काका," ताई म्हणाली. "तुमची सूचना आमच्यासाठी मोलाची आहे."

सन्मतीला यातलं काही धड ऐकूही आलं नाही. ती पदरानं डोळे पुसत पडद्यावरच्या बावीसकडे बघत होती.

फाइल मंडळाकडे गेली. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन झालं, आणि सोमवारी आप्पा घरी येऊन दवाखान्यातल्या अळणी उप्पिटाची उणीदुणी काढत बसले. गालांवर रंग आला. जिना चढताना थांबेनासे झाले. महिन्याभरानं कंपनीकडून त्यांना एक पत्र आलं, 'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार'. आप्पांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. सूचना कुठली, हे विचारायचं सन्मतीच्या डोक्यात आलं नाही. आप्पा वाचले होते, त्या आनंदात तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी खिडकीवर सलगऱ्याच्या मालनबाई आल्या. पासष्टीच्या, डोक्यावर पदर, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. पोटातली गाठ काढायची होती आणि कंपनीनं मंजुरी नाकारली होती. सन्मतीनं नेहमीप्रमाणे भांडणाची तयारी ठेवली. पण मालनबाईंनी डबा काचेखालून आत सरकवला.

"तुझ्यासाठी आणलीया, पोरी. किती मायेनं बोललीस गं त्या दिवशी!"

"मावशी, कधी बोलले मी?"

"फोनवर की. तुझा आवाज वळखला मी. 'नाही' म्हणायच्या आधी तुझाच जीव गलबलला. मला कळलं बघ. म्हटलं, हिला माझ्यासाठी एवढं वाईट वाटतंय, म्हंजे हिचाबी इलाज न्हाई. मग रागच गेला माझा."

सन्मतीनं मालनबाईंचं संभाषण उघडून कानाला लावलं. ताई बोलत होती. मंजुरीच्या वाक्यापाशी आली, थांबली, तिनं श्वास घेतला. पुरता भरायच्या आत शब्द आला. तंबोऱ्याची तार जिथं आप्पांनी बोटानं दाबली होती, अगदी त्याच जागी.

तिनं जिल्ह्याचा तक्ता काढला. गेल्या तीन आठवड्यांत मंडळाकडे एकही फाइल गेली नव्हती. मालनबाईंचा समाधानांक शहाण्णव होता, आणि फाइल बंद व्हायला एकच दिवस उरला होता. सोबत जोडलेल्या कागदावर त्यांच्या डॉक्टरांनी 'तातडीचं' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"मावशी, ऐका," सन्मती म्हणाली. "ती मी नव्हते. ते मशीन होतं."

पडद्यावर सत्त्याण्णव झाले.

"असू दे गं. तूच की ती."

"नाही हो!" तिनं शक्य तेवढा आवाज कडक केला. पण 'नाही'च्या आधी तिचा श्वास अडखळलाच. तो लहानपणापासून अडखळत आलेला होता, आता ऐन वेळी कुठं जाणार? "तुम्हाला फसवलंय, मावशी. तुमचं ऑपरेशन थांबवून चालणार नाही."

अठ्ठ्याण्णव. मालनबाई तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या.

सन्मती बोलायची थांबली. आपलं बोलणं खरं आहे हे तिला ठाऊक होतं. आणि ते ज्या गळ्यातून निघत होतं त्याच गळ्यानं ते खोटं करून टाकलं होतं. आपण रागावलो तरी गोड, रडलो तरी गोड! मग तिला एक गोष्ट सुचली. तिनं एक अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मावशी, ऑपरेशन लागणारच आहे. तुमची फाइल उद्या बंद होईल. आज घरच्यांना घेऊन या आणि भांडा. माझ्याशीसुद्धा भांडा.' आणि तोंडातून अवाक्षर न काढता कागद काचेखालून बाहेर सरकवला.

मालनबाईंनी तो घेतला. लांब धरला, जवळ धरला, उजेडाकडे तिरका केला. मग कसनुसं हसून परत आत सरकवला.

"चष्मा घरात इसरला बघ. तूच वाच की."

सन्मतीनं कागद हातात घेतला आणि नकळत श्वास घेतला.

मालनबाईंनी कानावरचा पदर मागे सारला आणि कान काचेला लावला. "वाच गं," त्या म्हणाल्या, "तुझं ऐकलं की बरं वाटतंय."